मौनाची मुदत

ब्रेस्टोवो, ४ मार्च

प्रिय वांगेल,

हे पत्र तुझ्या हाती पोचवायला मला काय पडलं ते आधी ऐक. भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, आपल्या आय्वारच्या, दोन बरण्या, तुझ्या वहिनीने हिवाळाभर जपलेला चीजचा गोळा, आणि इल्मी ड्रायव्हरच्या मूतखड्याची साद्यंत कथा, त्याच्या जिनिव्हाच्या बसच्या पायरीशी उभ्याने. टपालाचं तिकीट स्वस्त पडलं असतं. पण तुझ्या कार्यालयात टपाल आधी दुसरंच कोणीतरी फोडतं. इल्मी फार तर बरण्या फोडतो.

तू हसशील. अख्ख्या ब्रेस्टोवोला इंटरनेट पुरवणारा माणूस कागद-पेन घेऊन बसलाय म्हणून. पण वकीलबाईंची सक्त ताकीद आहे: फोन नाही, ईमेल नाही, या प्रकरणातला एक शब्दही तारेवरून जाता कामा नये.

मेतोदीला पकडलंय, वांगेल.

तारा जोडायचं एक जुनं यंत्र स्वस्तात मिळत होतं, ते आणायला तो समुद्रापलीकडे गेला होता. बंदरावर पासपोर्ट दाखवला आणि दोघांनी दंडाला धरलं. जानेवारीत त्या मोठ्या देशाच्या बंदरांतल्या सगळ्या क्रेन कोणीतरी दुरून बंद पाडल्या होत्या, आठवतं? त्यांनी माग काढत आणला तो एका पत्त्यापर्यंत. पत्ता निघाला माझ्या कंपनीचा. आणि कंपनीचा तांत्रिक माणूस म्हणून जगभरच्या नोंदीत नाव कोणाचं? आमच्या शहाण्याचं. झालं. आता तो मोठा देश म्हणतो, पोरगा आमच्या हवाली करा. तिकडे गेला तर वीस वर्षं, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि वर मला पाणी विचारलं.

तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे तिथल्या लोकांना समजावता येईल. इंटरनेटवरचा पत्ता विकत घ्यावा लागतो, तोही सोन्याच्या भावाने. माझ्यासारखा फाटका धंदेवाला एक पत्ता घेतो आणि त्याच्यामागे चारशे घरं बसवतो. बाहेरून बघणाऱ्याला चारशे घरांचं एकच दार दिसतं. त्या दारातून चोर कोणाच्या घरातून बाहेर पडला? पाद्रीबाबांच्या टीव्हीतून, सफरचंदांच्या शीतगृहातल्या कॅमेऱ्यातून, की त्या विधवा देस्पिनाच्या बोलक्या फ्रिजमधून? देवाला माहीत. चोराने यांच्यातलं एखादं यंत्र दुरून ताब्यात घेतलं असणार. मेतोदीला क्रेन बंद पाडता आली असती, तर आधी त्याने माझं तोंड बंद पाडलं असतं.

बाकी माझ्या लाइनीला कोणी नावं ठेवू नयेत. छपरांवर चढून मी स्वतः ओढलेली ती तार आहे. वादळ होवो, बर्फ पडो, या घरातून निघालेला निरोप आजवर कधी अडलेला नाही. पोर तेवढं अडलं.

काकू असताना अख्ख्या गावाला सांगायची, "माझा वांगेल इंटरनेटचा न्यायाधीश आहे." न्यायाधीशसाहेब, भावाचं पोर सोडवा.

तुझा,
नाउम


जिनिव्हा, ११ मार्च

प्रिय नाउमदादा,

पत्र वाचून बराच वेळ खिडकीशी उभा होतो. मेतोदीला मी सायकल शिकवली होती. वहिनीला सांग, मी आहे.

आई काहीही सांगायची. मी न्यायाधीश नाही, आपल्या देशाच्या दूतावासातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस आहे. पण ऐक, कारण या खेपेला तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. गेली तीन वर्षं इथे एक परिषद चालू आहे. एका देशातून दुसऱ्या देशाच्या यंत्रांवर हल्ला झाला तर कोणी काय करायचं, कोणाला जबाबदार धरायचं, याचे नियम सगळे देश मिळून लिहिताहेत. त्यातलं चौदावं कलम असं आहे: "केवळ पत्त्यावरून कोणाही व्यक्तीला दोषी धरू नये, अथवा दुसऱ्या देशाच्या हवाली करू नये." दादा, ते वाक्य माझं आहे. मी लिहिलं, मी मांडलं. आपल्या गल्लीतल्या तुझ्या त्या चारशे घरांच्या दाराकडे बघूनच सुचलं होतं.

तू म्हणशील, एवढ्याशा देशाचं कोण ऐकतं? इथे मतदान नसतं. शेवटचा मसुदा सगळ्यांना पाठवतात आणि एक मुदत देतात. त्याला मौनाची मुदत म्हणतात. त्या वेळेपर्यंत कोणीच काही बोललं नाही, तर मसुदा मंजूर. पण एका देशाने, कितीही चिमुकल्या, एक ओळ लिहून पाठवली, "आम्ही मौन मोडतो," की सगळं थांबतं. आपला देश नकाशावर अंगठ्याखाली झाकला जातो. तरी माझ्या एका ओळीने अख्खं जग जागच्या जागी उभं राहतं. इथे बलाढ्य देशांचे राजदूत कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी येतात ते काय माझ्या रूपाकडे बघून?

चौदावं कलम माझ्या जिवंतपणी हलणार नाही. वकीलबाईंना तसं सांग.

तुझा,
वांगेल


ब्रेस्टोवो, २५ मार्च

प्रिय वांगेल,

सांगितलं. वकीलबाई खुर्चीतून उठल्या. मेतोदीला धरलंय तिथल्या कोर्टातल्या न्यायाधीण कडक आहेत, पण आंधळ्या नाहीत. त्या भर कोर्टात म्हणाल्या, "असा काही नियम जगाने लिहायला घेतला असेल, तर तो ठरेपर्यंत मी थांबेन. ठरल्यावर त्यात हे वाक्य असेल तर मुलगा घरी जाईल. नसेल तर माझे हात बांधलेले आहेत, मला सही करावी लागेल." पुढची तारीख १२ मे. म्हणजे आता माझ्या पोराचा जीव तुझ्या चौदाव्या कलमात आहे, सांभाळ.

मेतोदीला भेटू दिलं. मध्ये काच. हडकलाय. दाढी वाढवलीय, अगदी त्याच्या आजोबांसारखा, फक्त आजोबा तुरुंगातही जाडेच होते. पहिला प्रश्न काय विचारावा त्याने? "बाबा, माझी टपालपेटी कोण उघडतं?"

म्हटलं, "कसली टपालपेटी?"

"तक्रारींची. बाहेरच्या कंपन्या, कार्यालयं, कोणाला आपल्या पत्त्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ते माझ्या नावाने लिहितात. रोज बघावी लागते."

"अरे, तक्रारींचं काय घेऊन बसलास? गावातला प्रत्येक जण मला भर रस्त्यात गाठून तक्रार करतो. त्यासाठी पेटी कशाला हवी?"

तो हसला. काचेवर त्याच्या हसण्याची वाफ आली. मग पहारेकऱ्याने खांद्याला हात लावला.

तुझी वहिनी बोलेनाशी झालीय. भांडत नाही, रडत नाही. मेतोदीचं ताट रोज मांडते आणि रोज उचलते. स्पासिया भांडायची तेव्हा मी देवाकडे शांतता मागायचो. माणसाने मागताना विचार करावा.

काकूचं सहा महिन्यांचं श्राद्ध ८ मेला ठरवलंय. पाद्रीबाबांना तोच शुक्रवार मोकळा आहे. कबरीपाशी वाटायचा गहू मी उकडून घेईन, तू फक्त ये.

नाउम


जिनिव्हा, ७ एप्रिल

प्रिय दादा,

घाईत लिहितोय, इल्मी खाली हॉर्न वाजवतो आहे.

वाटाघाटी चालू आहेत. चौदाव्या कलमाबद्दल काही देशांच्या शंका आहेत. तूर्तास असा विचार आहे की ते वाक्य मुख्य मसुद्यातून काढून अध्यक्षांच्या निवेदनात घ्यावं. त्यातही त्याला एक नैतिक वजन राहतंच. नक्की बघू. काळजी करू नकोस. वहिनीला नमस्कार.

वांगेल


ब्रेस्टोवो, १५ एप्रिल

वांगेल,

मी शाळा आठवीत सोडली, पण कान सोडले नाहीत. धंद्यात एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक "बघू" म्हणालं की ते घेणार नाही. "नक्की बघू" म्हणालं की ते शेजारच्या दुकानातून घेऊन आलेलं आहे.

वकीलबाईंना विचारलं, अध्यक्षांचं निवेदन म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "साहेब, ते भाषण. न्यायाधीणबाई भाषणावर सही थांबवत नाहीत."

आता दुसरं ऐक. काल न्हाव्याकडे बसलो होतो. तोंडाला फेस, मान त्याच्या वस्तऱ्याखाली, आणि तो म्हणतो, "अभिनंदन, नाउम! भाऊ संचालक होणार म्हणे!"

म्हटलं, "कसला संचालक?"

"पेपरात आलंय की. सायबर सुरक्षेचं मोठं केंद्र आपल्या राजधानीत निघतंय. सहा मजली! पैसा त्या मोठ्या देशाचा, आणि खुर्चीवर आपला वांगेल. तुला सांगितलं नाही त्याने?"

"सांगितलं ना," मी म्हटलं. गळ्यावर वस्तरा असताना माणूस आणखी काय म्हणणार?

मोठा देश. तोच ना, ज्याला माझा पोरगा हवाय? आणि त्यालाच चौदाव्या कलमाबद्दल "शंका" आहेत ना? मी व्यापारी माणूस आहे, दुसऱ्याचा सौदा मला वासाने कळतो. सहा मजले आणि एक खुर्ची, बदल्यात एक वाक्य. भाव वाईट नाही. फक्त त्या वाक्याच्या आत माझा मुलगा बसलाय, हे विकणाऱ्याला माहीत होतं.

हे असं लिहायचं नव्हतं. दोन कागद फाडून हा तिसरा लिहिलाय, आणि हाही तसाच उतरला. माझ्याकडे आता तुझ्याशिवाय कोणी नाही, रे. पाय धरून विनवतो: मसुदा अडव. जिंकू नकोस, नुसता अडव. नियम ठरेपर्यंत त्या बाई थांबणार आहेत. तूच लिहिलं होतंस, एका ओळीत जग उभं राहतं. एकच ओळ मागतोय.

नाउम


जिनिव्हा, २२ एप्रिल

दादा,

सगळं खरं आहे. न्हाव्याने सांगितलं तेही.

केंद्राचा करार वरच्या वर झाला, मला नंतर कळवलं. मग राजधानीहून लेखी सूचना आली: "चौदाव्या कलमावर मौन पाळावे." तीन वर्षं मी ज्यासाठी भांडलो ते वाक्य पुसायची परवानगी माझ्याकडून कोणी मागितलीही नाही. नुसतं गप्प बसायला सांगितलं. संचालकपदाचं पत्र त्याच पाकिटात होतं. मी ते नाकारलं नाही. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

अंतिम मसुद्याची मौनाची मुदत ८ मे, शुक्रवार, दुपारी बारा. बरोबर आईच्या श्राद्धाच्या दिवशी. राजदूतबाई त्या आठवड्यात रजेवर आहेत, म्हणजे दूतावासाच्या नावाने लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे असेल. हे मी तुला का सांगतोय, मलाच कळत नाही. सूचनेविरुद्ध एक ओळ पाठवली तर माझी नोकरी जाईल, निवृत्तिवेतन जाईल, पोरीचं, इलिनाचं, शिक्षण अर्ध्यावर राहील. मी तुझ्यासारखा नाही, दादा. तू छपरांवरून उड्या मारत कंपनी उभी केलीस. मी आयुष्यभर कोणाच्या तरी परवानगीने बोलत आलोय.

श्राद्धाला येतोय. वहिनीला तोंड दाखवायला येतोय, एवढंच समज.

वांगेल


ब्रेस्टोवो, १० मे

माझ्या सोन्या वांगेल,

काल तू गेलास आणि मी अजून झोपलेलो नाही, म्हणून अक्षर असं. शुक्रवारी काय काय झालं ते सगळं लिहून काढतोय. तू तिथे होतास खरा, पण शुद्धीवर कुठे होतास? शिवाय याची एक प्रत मेतोदीसाठी ठेवणार आहे. त्याला कळू दे, त्याच्या काकाने काय केलं ते.

स्मशानातून आपण आलो तेव्हा साडेदहा झाले असतील. गहू वाटून झाला होता, पाद्रीबाबांना रकिया चढायला लागली होती. तू टेबलाच्या टोकाला बसला होतास आणि एकच घास चघळत होतास. म्हातारी देस्पिना म्हणाली, "वांगेल, तुझी आई म्हणायची, माझा पोरगा बोलला की जग ऐकतं." तू ताटात बघत राहिलास. मला तुझी दया आली, खोटं नाही सांगत.

आणि मग स्पासिया. दोन महिन्यांत जिने मला "मीठ दे" म्हटलं नव्हतं, ती मेतोदीचं ताट हातात घेऊन तुझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या सभेत गप्प बसलं की त्याचा अर्थ 'हो' होतो ना?"

"हो, वहिनी."

"मग तुम्ही सकाळी आल्यापासून मी तुमच्यासमोर गप्प आहे. त्याचा अर्थ तुम्ही काय धरलात?"

पाद्रीबाबा शुद्धीवर आले. ती ते रिकामं ताट तुझ्या ताटाशेजारी मांडून आत निघून गेली.

तू उठलास. चेहरा चुन्यासारखा. "दादा, लॅपटॉप गाडीत आहे," म्हणालास, आणि मी तो आणायला असा धावलो की दारात पाद्रीबाबांच्या पायावर पाय दिला. आधी तू फोनवरून जोडायला बघितलंस, पण आपल्या डोंगरात त्या मोबाईल कंपन्यांचा जीव केवढा? एक रेघ यायची, एक जायची. मग म्हणालास, "दूतावासाच्या बंद मार्गाने पाठवतो, तो सुरक्षित असतो." आणि लगेच स्वतःच मान हलवलीस: "नको, तिकडून गेलं तर राजधानीला आधी दिसेल, ते मध्येच अडवतील."

तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली, आठवतं? "अरे, भावाच्या घरात बसून परक्यांच्या दारात काय उभा राहतोस? माझी लाइन घे! सरळ, उघडी, स्वच्छ. या घरातून निघालेला निरोप अडत नाही!" तू घेतलीस. बाराला वीस मिनिटं होती. तू ओळ वाचून दाखवलीस, "आमचा देश मौन मोडत आहे," आणि बोट कळीवर ठेवून इतका वेळ थांबलास की मला वाटलं आता हा माणूस गेला. मग दाबलंस.

"गेलं," म्हणालास. पडद्यावरही तसंच लिहिलं होतं. गेलं.

वांगेल, मी तुला विकणारा म्हणालो होतो. ते पत्र जाळ. तू संध्याकाळभर अंगणात त्या अक्रोडाखाली बसलास, माझ्या ग्लासाला ग्लास लावलास, कोकराचा खांदा एकट्याने संपवलास. जाताना म्हणालास, "दादा, बेकार झालो, पण हलका झालो." तुला कामाची ददात पडायची नाही. माझ्याकडे खांबावर चढायला माणूस हवाच आहे.

मंगळवारी कोर्ट. मी आणि स्पासिया उद्याच निघतोय. तिने मेतोदीसाठी स्वच्छ शर्ट घेतलाय, परतीच्या प्रवासाचा. काल ती माझ्याशी भांडली, पाद्रीबाबांच्या पायावरून. अर्धा तास! कानांना काय गोड वाटलं सांगू!

तुझा, आयुष्यभराचा ऋणी,
नाउम


जिनिव्हा, १२ मे

नाउमदादा,

तुझं पत्र समोर आहे. माझ्याने ते पुरतं वाचवलं नाही.

हे लिहितोय तेव्हा तुम्ही कोर्टात असाल. तुला तिथे कळेलच, म्हणून थोडक्यात लिहितो. काल तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा तू उचललास. मागे वहिनीचा आवाज होता, शर्टाला इस्त्री कुठे करायची विचारत होती. मी ठेवून दिला.

मसुदा शुक्रवारी मंजूर झाला. वाक्याशिवाय.

दोष माझा आहे. ती ओळ मी पाठवली, तू पाहिलंस. पण तू लॅपटॉप मिटवून सगळ्यांना सांगायला अंगणात धावलास, तेव्हा मी तो पुन्हा उघडला. खुर्ची आठवली. इलिना आठवली. मी दुसरी ओळ पाठवली: "आधीचा निरोप मागे घेत आहोत." आणि बाहेर येऊन तुझ्या ग्लासाला ग्लास लावला.

असा आहे तुझा भाऊ. वहिनीला हेच सांग. तिच्या मनात दुसऱ्या कोणाबद्दल काही राहता कामा नये, तुझ्याबद्दल तर मुळीच नाही. मला शिव्या घाल, थुंक, पण स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तू करायचं ते सगळं केलंस. उत्तर लिहू नकोस.

वांगेल


ब्रेस्टोवो, ३१ मे

वांगेल,

न्यायाधीणबाईंनी सही केली. करताना आमच्याकडे बघितलं नाही. त्या वाईट नाहीत. मेतोदीला गुरुवारी, २१ मेला, विमानात घातलं. स्पासियाने शर्ट पहारेकऱ्याकडे दिला. तो म्हणाला, नियमात बसत नाही, पण घेतला. त्याला घातला की नाही, माहीत नाही.

तुझं पत्र आम्ही घरी परतल्यावर मिळालं. वाचलं आणि अंगणातला तू बसला होतास तो बाक कुऱ्हाडीने फोडला. गावभर तुझं नाव घेऊन थुंकलो. न्हाव्याला सांगितलं, देस्पिनाला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं की काकूच्या नावाने पुन्हा प्रार्थना नको. आठ दिवस हे केलं. माणसाला शिव्या घालायला कोणी असलं की दिवस जातात, हे तुला बरोबर ठाऊक होतं.

मग काल इल्मी आला. बरण्या परत द्यायला आला होता. म्हणाला, "तुमचे भाऊ विचारत होते, घरसामान नेतोस का. पुस्तकांची खोकी, मुलीची सायकल, कपाट. आणि तीन तिकिटं, एकेरी."

म्हटलं, "कपाट? संचालकसाहेबांना सरकार ट्रक देत नाही?"

इल्मी म्हणाला, "कसले संचालक! नोकरीवरून काढलंय त्यांना. त्यांच्या दूतावासात झाडलोट करणारी एक बाई आमच्या बसने येते, ती सांगत होती, शुक्रवारी राजधानीच्या विरुद्ध काहीतरी लिहून पाठवलं म्हणे. सोमवारी ते सापडलं आणि मंगळवारी यांना घरी बसवलं."

बाई काय, बस काय, दहा तोंडांतून आलेली गोष्ट. पण इल्मी बोलत असताना मी एवढंच ऐकलं: सोमवारी सापडलं. मागे घेतलेला निरोप असता तर त्याच्यासाठी कोणी कोणाला काढत नाही, वांगेल. खुर्ची देतात. आणि शुक्रवारी गेलेलं पत्र सोमवारी "सापडतं" म्हणजे काय? दोन दिवस ते होतं कुठे?

तुझं पत्र पुन्हा काढलं. या वेळी कान लावून वाचलं. "दुसऱ्या कोणाबद्दल काही राहता कामा नये, तुझ्याबद्दल तर मुळीच नाही." माझा काय संबंध होता, की तू मला त्यात आणलंस? लॅपटॉप मिटवून मी अंगणात धावलो, असं तू लिहिलंस. मी कुठे धावलो? मी तुझ्याच खुर्चीमागे उभा होतो, तुला उठवून बाहेर घेऊन गेलो, आणि लॅपटॉप स्पासियाने उचलून आत नेला. दुसरी ओळ पाठवायला तुझ्याजवळ काही नव्हतंच. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने गोड खोटं बोललास, पण स्वतःचं खोटं तुला धड बोलता येत नाही.

म्हणून रात्री मेतोदीच्या खोलीत गेलो. त्याचा संगणक लावला. तो काचेमागून सांगत होता ती टपालपेटी उघडली. तीन महिन्यांचं साठलेलं होतं, सगळं त्याच्या नावाने. खाली खाली गेलो.

बाकाचं, थुंकण्याचं, ते सगळं विसर. इल्मीला सांगितलंय, कपाट घे, सायकल घे, भाडं मी देतो. काकूचं घर झाडून ठेवलंय. स्पासियाला अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन, मीच सांगेन. तुझ्यावर तिने फुकटचा राग धरू नये. तू ये. माझ्या गावभरच्या शिव्या मी एकेका दारात जाऊन परत घेईन, न्हाव्यापासून सुरुवात करून.

त्या पेटीत परिषदेच्या कार्यालयाची एक सूचना आहे. यंत्राने आपोआप पाठवलेली. "आपल्या पत्त्यावरून आलेला एक निरोप बाजूला ठेवण्यात आला आहे, कारण हा पत्ता जानेवारीच्या हल्ल्यापासून धोकादायक पत्त्यांत मोडतो. निरोप खरा असल्यास या सूचनेला उत्तर द्यावे, तो तत्काळ पुढे पाठवला जाईल." खाली शुक्रवार, ८ मेची तारीख आहे. तेव्हा बारा वाजायचे होते.

निरोप माझ्या घरातून निघाला होता. तो अडला.

नाउम